बाबांचा दगड आणि म्हातारीचा डोंगर

३ मे, बुधवार

ठरलं. बाबांचा दगड मीच वर नेणार. जुलैच्या शेवटच्या रविवारच्या आत. आता माघार नाही.

सकाळी चहाला आईनं पुन्हा तोच विषय काढला. ऑगस्टात बाबांना जाऊन वर्ष होईल. गावातल्या प्रत्येक घरच्या मेलेल्या माणसाचा दगड म्हातारीच्या डोंगरावर, शेंड्यावरच्या ढिगावर जाऊन पडलाय, आमच्याच माणसाचा नाही. आई म्हणाली, मी शहाऐंशीची झाले, उद्या मला बोलावणं आलं तर तुझ्या बापाला तिथं काय तोंड दाखवू? मी म्हटलं, आई, काळजी सोड, माझ्याकडे प्लॅन आहे. ती म्हणाली, प्लॅन नकोय, दगड ने.

आमच्याकडे ‘तुला विसरणार नाही’ असं कुणी म्हणत नाही. ‘तुझ्या ढिगावर दगड ठेवीन’ म्हणतात. घरच्या शेतातला दगड, घरच्या माणसानं, वर्ष सरायच्या आत. एवढं सोपं काम. लोक उगाच बाऊ करतात.

आणि मी कुणाचा मुलगा आहे? डॉमिनिक किलकॉइनचा. जुलैच्या शेवटच्या रविवारी सगळं गाव डोंगर चढतं, पण बाबांसारखं कुणी चढलं नाही. सकाळी निघायचे, संध्याकाळी परत. हातात फ्रॉखनच्या निळ्या फळांनी भरलेला डबा, तोंडानं शीळ, अंगाला घामाचा थेंब नाही. शेंडा ढगात बुडालेला असो, वर पाऊस कोसळत असो, बाबांचे बूट कोरडे! याला म्हणतात चालण्याचं तंत्र. ते मला वारशानं आलेलं आहे. अजून वापरलेलं नाही, त्यामुळे अगदी नव्यासारखं आहे.

६ मे, शनिवार

दगड निवडला. मागच्या शेताच्या फाटकाशी आहे तो. त्यावर बसून बाबा बूट चढवायचे. बाबांना शोभेल असा आहे, भारदस्त.

चुलतभाऊ टर्लॉनं गेल्या वर्षी त्याच्या वडिलांसाठी नेलेला दगड पावाएवढा होता. कोटाच्या खिशातून नेला! डोंगरावर त्याची मेंढरं चरतात, त्यामुळे त्याला वाटतं डोंगर त्याच्या मालकीचा. मी त्याला तेव्हाच सांगितलं होतं, दगडाच्या आकारावरून माणसाची किंमत कळते. तो म्हणाला, मग तुझ्यासाठी एक खडा पुरेल. अशा माणसाशी बोलण्यात अर्थ नसतो.

दगडाचं वजन करावं म्हणून बाथरूममधल्या काट्यावर ठेवला. काटा एकदा गर्रकन फिरला आणि बंद पडला. आई म्हणाली, इतकी वर्षं तुला सोसलं बिचाऱ्यानं, शेवटी दगडानं मेला. दुर्लक्ष केलं.

१५ मे, सोमवार

ट्रेनिंगचं टाइमटेबल करून फ्रिजवर लावलं आहे. सकाळी सहाला उठणे, चालणे, कोमट पाणी, बटाटे बंद.

आज पाऊस होता. काल मॅच होती. परवा सहाला जाग आली, पण ती ट्रेनिंगची जाग नव्हती.

तशी मला ट्रेनिंगची फारशी गरजही नाही. शाळेची बस चालवतो, दिवसभर क्लच दाबतो. माझा डावा पाय उत्तम स्थितीत आहे. उजव्याचं बघू.

२० मे, शनिवार

नुसती पाहणी करून आलो, दगडाशिवाय. मोठ्या मोहिमेआधी पाहणी आवश्यक असते.

वाटेवर तीन फाटकं आहेत. पहिलं डोंगराच्या पायथ्याशी, दुसरं मेंढरांच्या कुंपणात, तिसरं अर्ध्या चढावर, जिथं ते एकटं काटेझाड आणि दगडी गडगा आहे. तिसऱ्यापासून पुढे खरा चढ. पहिल्या फाटकापर्यंत झपाट्यानं गेलो. तिथं धुकं उतरेल अशी शक्यता वाटली म्हणून थांबलो. धुकं उतरलं नाही, पण उतरलं असतं तर?

परतताना अट्रॅक्टाच्या चहाच्या दुकानात बसलो. ती तिथं पाव-चहाबरोबर गोष्टीही वाढते. आज जर्मनीहून आलेल्या मंडळींना सांगत होती की डोंगराची म्हातारी, ती काल्याख, जगाच्या सुरुवातीला ओच्यात दगड भरून उड्या मारत चालली होती, ओचा सुटला आणि शेंड्यावर ढीग पडला. जर्मन टिपून घेत होते! मला राहवलं नाही. म्हटलं, बाई, तो ढीग पाच हजार वर्षांपूर्वी माणसांनी रचलाय, आत थडगं आहे, शास्त्र आहे त्यामागं. अट्रॅक्टा म्हणाली, हो ना, आणि ती माणसं दगड वरपर्यंत घेऊन गेली, मालाखी. सगळे हसले. मग एका जर्मन बाईनं विचारलं, तुम्ही वर जाऊन पाहिलाय का तो ढीग? मी म्हटलं, त्या अर्थानं नाही.

खरं म्हणजे सात वर्षांचा असताना बाबा मला एकदा घेऊन गेले होते. तिसऱ्या फाटकाशी थांबले, वर पाहिलं आणि म्हणाले, ढग येतोय बाळा, आपण इथंच बसू. मला तर आकाश निळंशार आठवतं. पण माझ्यासारख्या लहान पोरासाठी त्यांनी स्वतःचा शेंडा सोडला. असा बाप होता.

४ जून, रविवार

ढकलगाडी बाहेर काढली, चाकात हवा भरली. आई दारात येऊन उभी. म्हणाली, ढिगाचा दगड चाकावरून जात नाही, तुझा बाप काय शेणखत आहे? हा नियम मी पहिल्यांदा ऐकला. आमच्याकडे नियम असेच असतात, आपण काही करायला घेतलं की उगवतात.

बरं. चाक नाही तर चार पाय. शेजारी पॅकी हार्टचं गाढव मागितलं. पॅकी बाबांचा जिवलग दोस्त, आता पंचाऐंशीचा, दोन्ही कानांनी कमी ऐकतो. गाढवाचं नाव बिशप. पॅकी म्हणाला, नेतोस तर ने, पण त्याचं मन असलं तर जाईल. दगड पाठीवर बांधला. बिशपनं मान वळवून दगड पाहिला, मला पाहिलं, आणि अंगणातच बसला. गाजर दाखवलं. गाजर खाल्लं. बसूनच खाल्लं.

पॅकीला विचारलं, बाबा तर इतकी वर्षं पायीच चढले ना हो, तुमच्याबरोबरच जायचे ना? तो बराच वेळ हसत राहिला. म्हणाला, डॉमिनिकसारखा पाय कुणाचा नाही. पाहा! दोस्त असावा तर असा.

१७ जून, शनिवार

आज खरंच उचलला.

पिठाच्या पोत्यात घालून पाठीला बांधला आणि निघालो. आईनं निघताना शेवटचा नियम सांगितला. पहिल्या फाटकापासून पुढे बोलायचं नाही. बोललास तर मागं येऊन फाटकापासून पुन्हा सुरुवात. मी म्हटलं, सोपं आहे, मी मुळात अबोल माणूस. आईला ठसका लागला.

पहिलं फाटक ओलांडलं. छान चाललो होतो, म्हणजे चालत होतो. तेवढ्यात टर्लॉ मेंढरं घेऊन समोर. त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, काय रे, दगडानं तुला कुठं न्यायचं ठरवलंय? मी गप्प. मग म्हणाला, गेल्या वर्षी माझ्या म्हाताऱ्याचा दगड मी नेला आणि दुपारच्या जेवणाला घरी होतो. मी गप्प. मग म्हणाला, काकांनी ढिगावर वाट पाहून पाहून जांभया दिल्या असतील. इथं मी बोललो. जे बोललो ते इथं लिहीत नाही, पण त्यात वाक्यं बरीच होती.

मागं फाटकाशी आलो. खाली बसलो. पोतं फाटलं. उरलेला दिवस वाया.

टर्लॉला देव बघून घेईल.

२४ जून, शनिवार. दुपारी

डोकं ठणकतंय. काल सेंट जॉनची होळी होती, सगळं गाव जाळाभोवती. टर्लॉ मोठ्यानं म्हणाला, मालाखीचा दगड पायथ्याशी अंडी घालतोय. मग मी एका पेटीवर उभा राहून जाहीर केलं, असं मला सांगण्यात आलं आहे, की शेवटच्या रविवारच्या आत माझ्या बाबांचा दगड शेंड्यावर असेल आणि त्या रविवारी सगळ्या गावासमोर, ढिगावर उभा राहून, मी बाबांबद्दल भाषण करीन. टाळ्या पडल्या म्हणे. फादरसुद्धा म्हणाले, ऐकायला येईन.

ठीक आहे. आता होऊन जाऊ दे. भाषणाची पहिली ओळ सुचली आहे : ‘माझे वडील या शेंड्याला घरासारखं ओळखत होते.’ सुंदर आहे.

२ जुलै, रविवार. सकाळी ११, अंथरुणातून

उजाडायच्या आधीच निघालो. ढकलगाडीनंच नेला, तिसऱ्या फाटकापर्यंत. आईचा चाकाचा नियम मी तात्त्विक पातळीवर तपासला आणि तो मला पटला नाही. शिवाय कुणी पाहिलं नाही.

तिसऱ्या फाटकाशी गाडी सोडली, दगड दोन्ही हातांनी उचलला, छातीशी धरला. त्या क्षणी मला बाबांसारखं वाटलं. चार पावलं गेलो असेन. मग कमरेत काहीतरी कटकन वाजलं आणि मी आणि दगड, आम्ही दोघं खाली बसलो. काटेझाडाखाली, गडग्याला लागून.

दगड तिथंच ठेवून आलो. तात्पुरता. दोनतीन दिवसांत कंबर ताळ्यावर आली की पुढचं टोक गाठायचं. खरं तर अर्ध्याहून जास्त काम झालं आहे. अवघड भाग फक्त पुढचा उरलाय.

५ जुलै, बुधवार

अजून पाठ धरलेली. आई हंसाची चरबी चोळते, ज्यानं पाठ बरी होत नाही पण वासानं माणूस दुखणं विसरतो.

चोळता चोळता तिनं विचारलं, दगड कुठं आहे? म्हटलं, वाटेत आहे. ती म्हणाली, वाट लांब आहे, नेमका कुठं? म्हटलं, तिसऱ्या फाटकाशी, काटेझाडाखाली. तिचा हात थांबला. मग ती चुलीकडे गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. खांदे हलत होते. बिचारी रडत होती. आपला मुलगा वडिलांसाठी किती झिजतोय हे तिला आज कळलं असावं.

थोड्या वेळानं म्हणाली, खाली टेकवलास का रे? जमिनीला? म्हटलं, मग काय हवेत ठेवणार? तिनं चरबीच्या डब्याला झाकण लावलं.

१० जुलै, सोमवार

संताप संताप होतोय. टर्लॉ आज आमच्या फाटकाशी थांबून, ट्रॅक्टर चालूच ठेवून ओरडला, तुझ्या दगडाला पिल्लं झालीत!

काठी टेकत जाऊन पाहून आलो. खरंच. बाबांच्या दगडाभोवती दहाबारा दगड पडलेत. लोक वर जाताना पाहतात, किलकॉइनचा दगड खाली टेकलाय, म्हणजे मेलेल्यानं इथं विसावा घेतला, आणि एक दगड घालून पुढे जातात. कुणी फुलंसुद्धा ठेवलीत. एकानं तर स्वतःच्या आजीचा दगड तिथंच ठेवला, वर नेण्याचे कष्ट वाचवून!

आईकडे गेलो. म्हटलं, हा काय प्रकार? ती म्हणाली, पूर्वी शवपेटी खांद्यावरून डोंगर ओलांडून न्यायचे, जिथं पेटी टेकली तिथं प्रत्येक खांदेकऱ्यानं दगड ठेवायचा. टेकली ती जागा मेलेल्याची. दगडाचंही तसंच. पहिल्या फाटकापुढे टेकला, आता त्याला हलवायचं नाही. मी म्हटलं, मग हे मला आधी का नाही सांगितलंस? ती म्हणाली, मला काय माहीत तू टेकवशील, तुझा प्लॅन होता ना?

त्यातून ते काटेझाड त्या मंडळींचं, डोंगराच्या पोटात राहणाऱ्या, न दिसणाऱ्या. त्या मंडळींचं नाव आमच्याकडे कुणी घेत नाही, तिथली फांदी कुणी मोडत नाही, आणि मी नेमका त्यांच्या दारात बापाचा दगड ठेवून आलो. अर्थात माझा यावर विश्वास नाही. मी सुशिक्षित माणूस आहे.

१५ जुलै, शनिवार

सकाळी ठरवलं की पुरे झालं. दगड बाबांचा, मी बाबांचा, मी उचलीन. वर गेलो. लोकांनी घातलेले दगड बाजूला काढायला लागलो. पहिलाच काढला होता, तेवढ्यात खालून आवाज. अट्रॅक्टा, आणि तिच्या मागं पर्यटकांची रांग.

ती त्यांना सांगत होती, की हा एका सरदाराचा ढीग, तो शेंड्याकडे निघाला होता, पण म्हातारी काल्याखनं त्याला इथंच अडवलं, कारण तो फार बढाया मारायचा. मग मला पाहून म्हणाली, आणि हे त्या घराण्याचे आजचे वंशज, दगडांची सेवा करताहेत! सगळ्यांनी माझे फोटो काढले. एका म्हाताऱ्या पर्यटकानं टोपी काढली आणि माझ्या हातात एक दगड देऊन खुणेनं सांगितलं, तुम्हीच ठेवा. काय करणार? ठेवला.

एक सांगतो, म्हणजे लिहितो. ढीग माझ्या हातानं वाढला.

पहिला काढलेला दगड मात्र खिशातच राहिला, घाईत.

१८ जुलै, मंगळवार

रविवारी दूध नासलं. काल गाडीचं टायर पंक्चर. आज सोडा ब्रेड खाताना दाढेचा तुकडा पडला, आणि ब्रेड मऊ होता. आई म्हणाली, तुझ्या खिशात काय आहे? म्हटलं, काही नाही. ती म्हणाली, ते ‘काही नाही’ आत्ताच्या आत्ता जागेवर ठेवून ये.

गेलो. ठेवला. विश्वास असल्यामुळे नाही. खिशात दगड असला की कोटाचा आकार बिघडतो.

उतरताना पाय घसरला नाही. योगायोग.

२३ जुलै, रविवार

नवीन विचार, आणि मला वाटतं हाच मुळापासून बरोबर विचार होता. दुसरा दगड न्यायचा, लहान, खिशात मावणारा. दगडाच्या आकारावरून माणसाची किंमत करणारे लोक मला कधीच आवडले नाहीत. भावना महत्त्वाची.

मागच्या शेतातून एक छान गोल दगड आणला, पावापेक्षा लहान. आईला दाखवला. ती म्हणाली, एका माणसाचे दोन ढीग? तुझा बाप राजा होता का? मी म्हटलं, आई, बाबा जन्मभर ज्या शेंड्यावर गेले, त्या शेंड्यावर त्यांचा दगड नको? अर्ध्या वाटेवर त्यांना सोडू? ‘अर्ध्या वाटेवर’ हे शब्द मला सहन होत नाहीत. बाबांनी कुठलंही काम अर्ध्यावर सोडलं नाही, आणि मी अर्ध्यावर सोडण्यापलीकडे काही केलेलं नाही. शाळा, कोठार बांधणं, कॅथलीनशी लग्न. हे फक्त इथं लिहितोय.

आईनं दगड माझ्या खिशात परत टाकला. मग म्हणाली, शेवटच्या रविवारी मीही येते.

म्हटलं, तू? डोंगरावर? ती म्हणाली, टर्लॉच्या ट्रॅक्टरला ट्रेलर आहे, तिसऱ्या फाटकापर्यंत जातो. मी त्याच्याशी बोलले. म्हणजे मला वर जाताना पाहायला येणार! आता शेंडा चुकवून चालणारच नाही.

२९ जुलै, शनिवार

सगळी तयारी. बाबांचा कोट ब्रश केला, बूट चकचकीत केले. भाषण पाठ. ‘माझे वडील या शेंड्याला घरासारखं ओळखत होते. त्यांची पावलं इथल्या प्रत्येक दगडाला माहीत आहेत.’ आरशासमोर म्हणताना दोनदा डोळे भरले.

उजवा गुडघा थोडा सुजलाय. महत्त्वाचा पाय डावा.

३० जुलै, रविवार

चर्चमध्ये मिस्सा झाल्यावर सगळं गाव निघालं. मी पुढे, खिशात दगड, तोंड बंद. पहिलं फाटक, दुसरं फाटक. मागून ट्रेलरमध्ये आई, चर्चला घालायच्या निळ्या कोटात, मांडीवर थर्मास, शेजारी पॅकी हार्ट. टर्लॉ त्यांना इतक्या सावकाश आणत होता की मला त्याचा राग करता येईना, हाही एक त्रासच.

तिसऱ्या फाटकाशी मी ढिगापाशी क्षणभर थांबलो. ढीग आता माझ्या गुडघ्याच्या वर आलाय. लोक थांबत होते, एकेक दगड ठेवत होते, आणि पुढे जात होते. कुणी हसलं नाही. फादर वर जाताना म्हणाले, शेंड्यावर वाट पाहतो, भाषण ऐकायचंय.

आईला ट्रेलरमधून उतरवलं. ती ढिगापाशी गेली आणि बाबांच्या दगडावर हात ठेवून उभी राहिली. ज्या दगडावर बसून ते बूट घालायचे तो. मला वाटलं, आता ती माझ्याकडे वळून म्हणेल, जा, वर जा.

तेवढ्यात पॅकी गडग्याच्या मागच्या बाजूला गेला. तिथं एक सपाट दगड आहे, शेजारी तसाच दुसरा. तो त्यातल्या एकावर बसला, घरी बसावं तसा. मग गडग्याच्या फटीत हात घातला, दंडापर्यंत, आणि तंबाखूचा एक गंजलेला डबा बाहेर काढला. उघडला. आत पत्ते.

माझ्या लक्षात आलं नाही. खरंच नाही. मी म्हटलं, हे कुणाचे? बोललो म्हणजे आता पुन्हा पहिल्या फाटकापर्यंत मागं जावं लागणार, हेही ध्यानात आलं नाही. पॅकीला ऐकू आलं नसावं, तो पत्ते पिसत म्हणाला, डॉमिनिकची वाटायची पाळी होती.

आई म्हणाली, बस खाली, मालाखी.

बसलो. मग तिनं सांगितलं. थर्मासमधून चहा ओतत, अगदी साखर कुठं ठेवलीय ते सांगावं तसं. बाबा कधीच वर गेले नाहीत. एकदाही नाही. दर वर्षी लोकांबरोबर निघायचे, इथं आले की पॅकीला खूण करायचे, आणि दोघं गडग्यामागं. दिवसभर पत्ते, ‘पंचवीस’ नावाचा डाव. फ्रॉखन इथंच गडग्याला लागून पिकतात, सगळ्यांत गोड. संध्याकाळी लोक उतरायला लागले की त्यांच्यात मिसळायचं आणि शीळ घालत घरी.

मी म्हटलं, तुला कधीपासून माहीत होतं? ती म्हणाली, लग्नाच्या दुसऱ्या वर्षापासून, बुटांवरून कळलं. वरच्या चिखलातून कोरडे बूट घेऊन कोण येतं? मी म्हटलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, बोलले असते तर पुढच्या वर्षी घरीच बसला असता, एक दिवस तरी बाहेर जायचा.

मग तिनं बोट दाखवलं. खाली, गावाच्या पलीकडे, आमच्या घराचं धुराडं. म्हणाली, इथपर्यंत ते दिसतं, इथून वर गेलं की डोंगराच्या पोटाआड जातं. त्या वर्षी तो पहिल्यांदाच डोंगराला निघाला होता, आणि आमचं पहिलं बाळ जन्मून गेलं होतं, तुझ्या आधीचं. मी अंथरुणाला खिळलेली. म्हणून तो इथंच थांबला, घर दिसतं तिथं. मग सवयच झाली.

पॅकीला हे कसं काय ऐकू गेलं कोण जाणे. तो म्हणाला, मला तर गुडघा सांगितला होता.

आई म्हणाली, तुला गुडघाच सांगणार.

मी चहाचा कप गवतावर ठेवला. रागही आला. पन्नास वर्षं मी ज्या माणसाच्या मानानं स्वतःला मोजत आलो, आणि रोज कमी भरत आलो, तो माणूस इथं बसून पत्ते कुटत होता! आणि मी सात वर्षांचा असताना तो ढग. तो ढग माझ्यासाठी नव्हता. पॅकी वाट पाहत होता.

वरून लोकांचा आवाज येत होता, कुणीतरी माझं नाव घेऊन हाका मारत होतं. मी उभा राहिलो. खिशातला लहान दगड काढला, शेंड्याकडे पाहिलं. आता खरी संधी होती. आमच्या घरातला शेंड्यावर जाणारा पहिला माणूस होण्याची.

आईनं कोटाच्या खिशातून रुमालात बांधलेला एक खडा काढला, आमच्या अंगणातला, आणि बाबांच्या दगडाला खेटून ठेवला. म्हणाली, झालं. आता मला तिकडे तोंड दाखवायला हरकत नाही. आणि माझा दगडही इथवरच आण. त्याच्यापुढे नेतो म्हणालास, तर मला पहिल्या फाटकाशीच टाकून येशील.

मी माझा लहान दगड तिच्या खड्याशेजारी ठेवला. गुडघा खरंच सुजला होता.

भाषणाचं काय करायचं म्हणून म्हटलं, निदान तुम्ही दोघं ऐका. सुरुवात केली : माझे वडील या शेंड्याला घरासारखं ओळखत होते. पॅकी म्हणाला, बसतोस का आता, पानं वाटलीत. मी दुसऱ्या सपाट दगडावर बसलो. बाबांच्या. संध्याकाळपर्यंत प्रत्येक डाव हरलो. मधूनमधून फ्रॉखन तोडून डब्यात टाकत होतो. लोक उतरायला लागले तेव्हा आम्ही त्यांच्यात मिसळलो. वर पाऊस झाला होता, सगळे चिखलानं भरले होते. फादरनी विचारलं, दिसला नाहीस कुठं? मी म्हटलं, गर्दी होती. एवढं सहज खोटं मी आजवर बोललो नव्हतो. आणि मग लक्षात आलं की मी शीळ घालतोय.

घरी आल्यावर डबा टेबलावर ठेवला. आई दिवा लावून माझ्या बुटांकडे पाहत राहिली. कोरडे ठणठणीत होते. म्हणाली, अगदी बापावर गेलायस.

जन्मभर मला तिच्या तोंडून एवढंच ऐकायचं होतं.